वाढीव पट्टीची गिटार

अण्णांच्या शर्टाच्या खिशात एकच स्टीलची पट्टी असायची, आणि ती खोटी होती. खोटी म्हणजे माझ्यासारख्या टर्नरच्या हिशेबानं. एकदा मी त्यांना तोंडावर तसं म्हणालो, तर आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मीही तापट, मीही बोललो नाही. आठव्या दिवशी त्यांनीच चहाचा ग्लास पुढं केला आणि म्हणाले, "घे. आणि पट्टीला काय म्हणू नकोस."

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत आम्ही दोघं कामाला. ते पॅटर्नशॉपला, मी मशीनशॉपला, लेथवर. आणीबाणी उठल्यानंतरची ती वर्षं. फाउंड्री ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगतो: लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी तिची लाकडी प्रतिकृती करतात. तिला म्हणायचं पॅटर्न. तो वाळूत दाबून काढला की पोकळी राहते, तिच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. पण लोखंड निवताना आकसतं, शंभराला एक. म्हणून पॅटर्न मुळातच तेवढा मोठा करावा लागतो. दर मापाला गणित करत कोण बसणार? त्यापेक्षा पॅटर्नवाल्यांची पट्टीच वाढीव असते. तिच्यावर शंभर मिलिमीटर लिहिलेले असतात, खरे असतात एकशे एक. नुसतं बघून कुणाच्या बापाला कळणार नाही.

बाकीचे पॅटर्नवाले दोन पट्ट्या ठेवायचे, एक वाढीव आणि एक साधी. अण्णा ठेवायचे नाहीत. "दोन पट्ट्या खिशात आल्या की एक दिवस हात चुकीच्या पट्टीवर जातोयच. एकच ठेवायची, म्हंजे चुकायचा सवालच न्हाय," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं फाउंड्रीतलं काम तर सोडाच, घरचं कपाट, देव्हारा नसलेल्या भिंतीवरची फोटोची चौकट, शेजाऱ्याचा पाळणा, सगळं त्याच पट्टीनं व्हायचं. कुणी हटकलं की ठरलेलं उत्तर, "थोडं जास्त धरावं रं. कमी करायला जग बसलंयच."

उचगावला माझ्या घराची खिडकी करायची होती तेव्हा ते हौसेनं आले. त्यांच्या पट्टीनं चौकट मोजली, त्याच पट्टीनं एक झडप केली. अशी बसली की दोरा आत जाईना. दुसरीला त्यांना सवड झाली नाही, म्हणून त्यांनी लिहून दिलेली मापं मी गावच्या सुताराला दिली आणि त्यानं ती आपल्या टेपनं केली. झालं, करंगळी जाईल एवढी फट! सुतार अण्णांना शिव्या घालतोय, अण्णा म्हणतात त्याची टेप आखूड हाय. आमची गल्ली वर्षभर त्या खिडकीवरून हसत होती. एवढं डोळ्यांपुढं घडलेलं असूनही आम्ही पुढं जे करायचं तेच केलं, यावरून आमच्या डोक्याची कल्पना यावी.

अण्णा निपाणीच्या बौद्ध वस्तीतले. आई तंबाखूच्या वखारीत, वडील हमाल. आमच्या पॅटर्नशॉपमध्ये तोवर सगळी सुतारांचीच पोरं, यांच्या आधी वस्तीतलं कुणी तिथं गेलेलं नव्हतं. ते कामाला पांढऱ्या शर्टात यायचे. कडक इस्त्री, मनगटाची बटणं लावलेली. लाकडाच्या भुशात दिवसभर उभं राहायचं आणि संध्याकाळी तसंच्या तसं बाहेर पडायचं. ते कसं जमायचं हे मला आजतागायत कळलेलं नाही. पेन्सिल वापरायचे नाहीत. चाकूच्या टोकानं रेघ मारायचे. म्हणायचे, पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते आणि त्या जाडीत चोर बसतो. आणि लाकूड दिसलं की वाजवायचे. फळी, दार, टेबल, काहीही. एकदा मॅनेजरांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं, तर यांनी आधी त्यांचं टेबल टकटक वाजवलं आणि म्हणाले, "साहेब, ह्ये सागवान न्हवं. फसवलं तुमास्नी." साहेबांनी कशाला बोलावलं होतं ते राहूनच गेलं.

कँटीनच्या कपात ते चहा घ्यायचे नाहीत. घरून आणलेले काचेचे दोन ग्लास पॅटर्नशॉपच्या कपाटात असायचे. सगळ्यांचा समज असा, की जुन्या काळचं काहीतरी त्यांनी मनात धरलंय. माझाही तोच. विचारायची लाज वाटायची. शेवटी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "तुमच्या कपास्नी वाळूचा वास येतोय रं. प्यावं कसं?" दुसरा ग्लास कुणाला द्यायचा हे तेच ठरवायचे. मॅनेजरांना तो कधी मिळाला नाही. मला रोज मिळायचा, आणि मला त्याचा माज होता, खोटं कशाला सांगू?

त्यांना एकच मुलगी. बेळगावातच बी.एस्सी.ला होती. चुणचुणीत, बोलायला फटकळ, बापासारखीच ताठ. कॅम्पात एक गोव्याकडचे मास्तर होते, त्यांच्याकडं ती गिटार शिकायची. साधी, पोकळ पेटीची. गिटारही मास्तरांचीच, त्यांच्याच घरी ठेवलेली. दर एप्रिलला निपाणीला वस्तीत जयंतीचा कार्यक्रम असे, गायन पार्टी असे. ढोलकी, हार्मोनियम, बँजो. तिथं तिला विजेची गिटार वाजवायची होती. ढोलकीपुढं साधी गिटार कुणाला ऐकू जाते?

बेळगावातल्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडं तशी गिटार होती आणि तो ती भाड्यानं द्यायचा. त्यानं तिला हो म्हटलं. जयंतीच्या दोन दिवस आधी ती आणायला गेली, तेव्हा त्यानं विचारलं, कार्यक्रम कुठं? तिनं सांगितलं. मग त्याचा आवाज बदलला. वाद्य नाजूक असतंय, म्हणाला. तिकडं नको.

ती तिथून सरळ आमच्या फाउंड्रीच्या गेटवर आली. जेवणाची सुट्टी होती, मी आणि अण्णा गेटजवळच्या झाडाखाली होतो. तिनं सगळं उभ्या उभ्या सांगितलं. माझं डोकं फिरलं. मी सायकल काढली. "चला अण्णा, बघूया त्याला. कसा देत न्हाय बघतो."

अण्णांनी सायकलचं हँडल धरलं. "कशाला? त्याच्याकडं गिटार हाय, आपल्याकडं न्हाय. एवढंच खरं हाय. तेवढं बदलूया."

"म्हणजे काय, आप्पा?" मुलगी म्हणाली.

"पुढल्या जयंतीला तू वाजवणार. आपल्या गिटारवर. मी करतोय."

आता हे बोलणाऱ्या माणसाला सूर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. ते गुणगुणायला लागले की पॅटर्नशॉपमधली माणसं उठून बाहेर जात. विजेची गिटार त्यांनी हातात धरलेली नव्हती, मीही नव्हती. तिच्याजवळ मासिकातून कापलेलं एक चित्र होतं. बस्स, तेवढं भांडवल.

पण त्या दिवसापासून ते पेटले आणि मला पेटवलं. पहिल्यांदा लाकूड. फणसाचं पाहिजे, वीणा फणसाची करतात म्हणून. नंदगडला एक जुनं घर उतरवत होते, तिथं फणसाच्या फळ्या आहेत असं कळलं. सुट्टीच्या दिवशी मी एकाची मोटारसायकल मागून घेतली आणि गेलो. अण्णा एकेक फळी उभी करून वाजवायला लागले. कान लावायचे, मान हलवायची, पुढची. सातव्या फळीला घरमालक कावला. "काय ओ, भोपळा घ्यायला आलासा काय? लाकूड घेताय का वाजवत बसताय?"

"वाजवायलाच नेतोय," अण्णा शांतपणे म्हणाले आणि परत पहिल्या फळीकडं गेले. तीच घेतली. ती फळी मांडीवर आडवी धरून मी पाठीमागं, नाही, चुकलं, ते पाठीमागं बसले आणि मी गाडी हाकत होतो. समोरून येणारं प्रत्येक वाहन आम्हाला शिव्या देत होतं.

घरी आल्यावर मला वाटलं आता करवत लागणार. छे! अण्णांनी आधी देवदाराच्या लाकडात अख्ख्या गिटारचा पॅटर्न केला. मी म्हटलं, "अण्णा, ओतायची न्हाय, लाकडाचीच करायची हाय. पॅटर्न कशाला?" तर म्हणाले, "पॅटर्न न करता वस्तू करायची? येडा हायस काय?" त्यात महिना गेला. मग त्यावरून खरी गिटार. तिच्या कडा बघितल्या तर किंचित तिरप्या, वरून खाली निमुळत्या. पॅटर्नला तसा उतार द्यावा लागतो, नाहीतर तो वाळूतून निघताना साचा फोडतो. या गिटारला कुठल्या वाळूतून निघायचं होतं? पण हाताला सवय ती. रंगही तसाच. आमच्याकडं पॅटर्नचा बाहेरचा भाग तांबडा, जिथं मशीनकाम होणार तो पिवळा, आणि पोकळीची जागा काळी. गिटार तांबडी झाली, तारांची घोडी बसणार तिथं पिवळा चौकोन, आणि विजेचं सामान बसायचा आतला खड्डा काळा. मुलगी आधी हसली, मग म्हणाली, "आप्पा, अशी गिटार जगात कुणाकडं नसंल." अण्णांना ते कौतुकच वाटलं, आणि खरं तर ते कौतुकच होतं.

तारांचा थरकाप पकडून भोंग्यापर्यंत नेतं ते पिकअप, ते बाजारात कुठं मिळणार? सायकलच्या जुन्या डायनामोतली चुंबकं काढली. त्यांच्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे पाच हजार वेढे. ते वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या मंडळींनी, शिलाई मशीनच्या चाकावर गुंडाळले. तोंडानं मोजत. तीन हजारांच्या पुढं गेल्या आणि दार वाजलं. मीच होतो. वहिनींचा आकडा गेला, दचकून तारही तुटली. त्यानंतर त्यांनी मला जे ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी दाराला आतून कडी लावून त्यांनी सगळं पहिल्यापासून केलं, आणि पूर्ण केलं.

खुंट्या आणि तारा तेवढ्या विकत आणल्या. बाकी सगळं आमचं. पितळेच्या पातळ पत्र्याच्या चिपट्या कापून मी गिटारच्या मानेवरचे, बोट दाबायचे पडदे केले, तारा टेकतात ती घोडी पितळेतून कोरली. माझ्या हातची सगळ्यात देखणी वस्तू ती, माझ्या लग्नाच्या फोटोपेक्षा मी तिचा फोटो जास्त लोकांना दाखवला असेल.

पडद्यांच्या जागांचं गणित अवघड असतं. घोडीकडं जाईल तसं अंतर कमी कमी होतं. ते मुलीनं केलं, लॉगच्या कोष्टकावरून, दशांशापर्यंत. मानेच्या टोकापासून घोडीपर्यंत तार सहाशे अठ्ठेचाळीस मिलिमीटर, बारावा पडदा बरोबर निम्म्यावर, तीनशे चोवीस. एकवीस आकड्यांचा कागद तिनं बापाला दिला. अण्णांनी चाकूच्या टोकानं एकवीस रेघा मारल्या, करवतीनं एकवीस खाचा पाडल्या. मी त्यात चिपट्या ठोकल्या. मग घोडी. ती माझी वस्तू, म्हणून मीच बसवणार असा हट्ट धरला, आणि माझ्या पट्टीनं सहाशे अठ्ठेचाळीस मोजून भोकं पाडली. अण्णा शेजारी उभे राहून बघत होते. "बरोबर," म्हणाले.

जयंतीच्या आधीच्या रविवारी आम्ही तिघं लाल गाडीनं निपाणीला गेलो. गिटार चादरीत गुंडाळून अण्णांच्या मांडीवर. विहाराच्या अंगणात तालीम होती आणि सगळी वस्ती जमली होती. आपल्या माणसानं विजेची गिटार केली हे आठवडाभर आधीच पसरलेलं. म्हाताऱ्या बायका हात लावून बघत होत्या. अण्णांची आई तर त्या तांबड्या रंगावरून पदर फिरवत होती.

मुलीनं तारा लावल्या, मोकळ्या तारांवर हात फिरवला. भोंग्यातून असा भरदार नाद आला की माझ्या अंगावर काटा उभा राहिला. अण्णांनी डोळे मिटले.

मग ती वाजवायला लागली आणि हात मानेवरून खाली, घोडीच्या बाजूला सरकायला लागला. सूर चढायला लागला. आधी जरासा, मग कानाला टोचेल एवढा. बाराव्या पडद्यावर तर हार्मोनियम एकीकडं आणि गिटार दुसरीकडं. ती थांबली, तारा परत लावल्या, परत वाजवलं. तेच. हार्मोनियमवाले म्हातारे जयंतीच्या कमिटीतलेच होते. ते म्हणाले, "पोरी, हात बसला न्हाय अजून तुझा." मागून कुणीतरी म्हणालं, "शिकंल हळूहळू." चांगल्या मनानंच म्हणालं असेल, पण तिचं तोंड काळंठिक्कर पडलं.

आणि मग कळलं की ऑर्केस्ट्रावाल्यानं निरोप धाडलाय. यंदा गिटार देतो, पण ती माझ्या माणसाच्याच हातात राहील, तोच वाजवील. कमिटीवाले अण्णांना बाजूला घेऊन म्हणाले, "बाहेरगावची माणसं येत्यात. बेसूर वाजलं तर आपलंच हसं. त्याचा माणूस बोलवून ठेवतो. जयंतीदिवशी तुमचं जमलं तर तुमची पोरगी, न्हाईतर तो."

आम्ही परतीची गाडी धरली. मुलगी कागदावर सगळं गणित परत करत होती, गाडी हादरली की आकडा खोडत होती. मी न राहवून म्हणालो, "अण्णा, खाचा कुठंतरी सरकल्यात."

"माझं माप चुकत न्हाय," ते म्हणाले, उठले आणि पुढच्या बाकावर जाऊन बसले.

सोमवार गेला, मंगळवार गेला. ते बोलले नाहीत, ग्लास पुढं आला नाही. बुधवारी मी त्यांच्या पाठीमागं त्यांच्या घरून गिटार मागून आणली आणि जेवणाच्या सुट्टीत टूलरूमच्या टेबलावर ठेवली. माझी पट्टी मानेच्या टोकाला लावली आणि बारावा पडदा बघितला. तीनशे चोवीस पाहिजे. तीनशे सत्तावीस आणि वर पाव! सातवा बघितला, पाचवा बघितला. सगळे तेवढ्याच प्रमाणात लांब. शंभराला एक.

माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी एकटाच मोठ्यानं हसलो. मुलीचं गणित बरोबर, अण्णांच्या रेघा बरोबर, माझी घोडी बरोबर. तिघंही बरोबर आणि गिटार चूक! मी पॅटर्नशॉपकडं धावलो. "अण्णा! अण्णा, तुमची खिडकी झाली!"

ते आले. खिशातून पट्टी काढली, माझ्या पट्टीशेजारी ठेवली. दोन्हींची टोकं जुळवली. मग दुसऱ्या टोकाच्या फरकावर नख ठेवलं. मी हसत होतो, मग त्यांचा चेहरा बघून हसायचा थांबलो.

"वीस वर्सं झाली," ते म्हणाले. "एकदाबी न्हाय."

"असू दे की हो. कुणाचं चुकत नाही?"

"तुझं चुकलं तर तुझं चुकतंय रं." ते स्टुलावर बसले. मग त्यांनी सांगितलं, ते कामाला लागले त्या पहिल्या महिन्यातलं. पंपाचं एक कास्टिंग बाद निघालं, आतून पोकळ बुडबुडे. वाळू ओली होती, लहान पोरालाही दिसलं असतं. तरी तीन माणसं आधी यांचा पॅटर्न मोजायला आली. वाळू भरणाऱ्या मोल्डिंगवाल्यांकडं कुणी गेलं नाही. यांनी स्वतः तिघांपुढं पॅटर्न मोजून दाखवला. बरोबर निघाला. "त्या दिवशी ठरीवलं. माझी चूक म्हंजे माझ्या एकट्याची ऱ्हात न्हाय. माझ्यामागनं जी पोरं येणार, त्यांच्याबी नावावर लागती. म्हणून चुकायचंच न्हाय."

मी आपलं कामाचं बोललो. म्हणालो, पडदे सगळे एकाच मापानं लांब आहेत, म्हणजे आपापसात जुळलेलेच आहेत. ते उपटायचे नाहीत. घोडी तेवढी साडेसहा मिलिमीटर मागं घेतली की झालं. तासाभराचं काम. "आणि कुणाला कळायचं बी न्हाय, अण्णा. तारा नव्या हुत्या, ताणल्या गेल्या, आता बसल्या, असं सांगू."

अण्णांनी मान वर केली. "मग ऐतवारी बेसूर कोण वाजवलं?"

मी माझी पट्टी उगाच पुसायला लागलो.

"पोरगीच की," ते म्हणाले. "तिचा हात बसला न्हाय असंच ऱ्हाणार. लोकांच्या डोस्क्यात. कायमचं."

मग त्यांनी जे केलं ते मी वीस वेळा मागूनही कधी झालं नव्हतं. आपली पट्टी त्यांनी माझ्या हातात दिली. "ह्या पट्टीनं सहाशे अठ्ठेचाळीस धर. तुझी ठेव बाजूला." मी धरलं. नवी भोकं पाडली, घोडी बसवली. जुनी भोकं अण्णांनी शिसवीच्या गुट्ट्या ठोकून बुजवली, पण वर रंग लावला नाही. संध्याकाळी मुलगी कॉलेजातून आली तेव्हा मी तिच्या घरीच होतो. तिनं तारा लावल्या, बारावा पडदा दाबला, मोकळी तार छेडली, परत पडदा. मग घाईघाईनं खालून वरपर्यंत.

"काका! जुळलं की ओ! काय केलंसा?"

मी अण्णांकडं बघितलं.

"आप्पा, माझं गणित कुठं चुकलंतं?"

"सांगतो," अण्णा म्हणाले. "उद्या सगळ्यांस्नी एकदमच सांगतो."

दुसऱ्या दिवशी जयंती. ऊन उतरल्यावर कार्यक्रम सुरू व्हायचा होता. मी उचगावहून घरच्यांना घेऊन आलो होतो, ती माणसं पहिल्यांदाच त्या वस्तीत येत होती. अंगण माणसांनी फुललेलं, बाहेरच्या गल्लीतही सतरंज्या. ऑर्केस्ट्रावाल्याचा माणूस गिटारची पेटी घेऊन स्टेजच्या कडेला खुर्चीवर बसलेला, तयारीत. कमिटीचे म्हातारे अण्णांना विचारत होते, "काय मिस्त्री, काय ठरलं?" अण्णा सरळ स्टेजवर चढले. तोच पांढरा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली. हा माणूस उभ्या आयुष्यात माइकपुढं उभा राहिला नव्हता. आमच्या फाउंड्रीच्या पूजेच्या दिवशी दोन शब्द बोला म्हटलं तर पळून जायचा. त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला.

"जयभीम," म्हणाले. अंगणातून उत्तर आलं. मग त्यांनी एकदा स्टेजच्या पायऱ्यांकडं बघितलं. मला वाटलं, आता उतरतात खाली.

"ऐतवारी हितं बेसूर वाजलं," ते म्हणाले. "तुम्ही म्हणालासा, पोरीचा हात बसला न्हाय. तिचा हात बसलाय. गणितबी तिनंच केलंतं, तेबी बरोबर हाय. माप चुकलं ते माझं. मी पॅटर्नमेकर हाय. वीस वर्सं काम करतोय. आजपातूर माझी चूक कुणाला घावली न्हाय, लई जणांनी हुडकली. ही घावलीया. आणि ती मी माझ्या तोंडानं सांगतोय, माझ्याच माणसांत. पोरीला काय म्हणू नकासा."

कुणी टाळी वाजवली नाही. मुलगी गिटार गळ्यात घालून त्यांच्या मागं उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात गिटारवर असल्यामुळं तिला ते पुसता येत नव्हतं.

पहिल्या रांगेतून अण्णांची म्हातारी आई ओरडली, "आरं, मग आता तरी नीट झालंय न्हवं?"

सगळं अंगण हसलं. अण्णाही हसले. त्यांना मी तसं हसताना आधी बघितलं नव्हतं.

"ऐक की, आई," ते म्हणाले आणि बाजूला झाले.

तिनं सुरुवातच बाराव्या पडद्यापासून केली. मुद्दाम, मला माहीत आहे. जिथं सगळ्यात जास्त टोचलं होतं तिथंच बोट ठेवलं आणि तो स्वर असा स्वच्छ, असा ताठ निघाला की हार्मोनियमवाल्या म्हाताऱ्यांनी भाता थांबवून आधी कान टवकारले आणि मग मान डोलवत तिच्या सुरात सूर मिळवला. ढोलकी आत आली. लोक उभे राहिले. ऑर्केस्ट्रावाल्याचा माणूसही उभा राहिला, पेटी खुर्चीवर ठेवून, आणि स्टेजजवळ जाऊन ती तांबडी-पिवळी गिटार वाकून वाकून बघायला लागला. अण्णा स्टेजकडं बघतच नव्हते. ते लोकांकडं बघत होते, एकेका तोंडाकडं, सावकाश.

आणि मी? मी उचगावचा टर्नर, त्या गर्दीत सगळ्यात मोठ्यानं टाळ्या वाजवत होतो, डोळे गळत होते, आणि शेजारच्या अनोळखी माणसाला दंडाला धरून सांगत होतो, "ती पितळेची घोडी दिसतीया न्हवं? मी केलीया. दोनदा बसवलीया!"